नाबर बाईंची पोच

नाबर बाईंमुळे माझी नोकरी राहिली, हे आधी सांगून टाकते. बाकीचं मागाहून. मी बोलताना भरकटते, आणि भरकटण्यात त्यांचं नाव राहून गेलं तर मला झोप लागायची नाही. तशी ती मला कमीच लागते. गॅस बंद केला का, शाळेच्या गच्चीचं दार लावलं का, उद्या घंटा दोन मिनिटं आधी तर नाही ना वाजणार, हे डोक्यात चालूच असतं.

मी मरोळच्या एका शाळेत मावशी आहे. घंटा देते, वर्ग झाडते, लहान मुलींकडे बघते. माझं गाव देवगडच्याही पुढे, शिक्षण आठवीपर्यंत, तेही अर्धं. नाबर बाई आमच्या शाळेत गणित शिकवतात. त्यांचं वैशिष्ट्य एकच, पण ते चोवीस तास चालतं. जगातली कुठलीही वस्तू किंवा गोष्ट त्यांना पोच घेतल्याशिवाय देता येत नाही आणि पोच दिल्याशिवाय घेता येत नाही. पोच म्हणजे 'मिळाले' असं लिहून खाली सही आणि तारीख. शिंदे बाईंनी मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली, तर नाबर बाईंनी उभ्या उभ्या चिठ्ठी लिहून दिली, 'पत्रिका एक, अक्षतांसह, मिळाली.' शिंदे बाई ती चिठ्ठी हातात धरून बराच वेळ तशाच उभ्या होत्या.

बाईंच्या पर्समध्ये पावडर-कंगवा नसतो. स्टेपलर असतो, शाईचं पॅड असतं आणि कार्बन पेपर असतात. कार्बन पेपर आता कुठल्या दुकानात मिळतो हे अंधेरीपासून घाटकोपरपर्यंत फक्त त्यांनाच माहीत असावं. काकडी कडू निघाली म्हणून त्यांनी मरोळ बाजारातल्या भाजीवाल्याला लेखी तक्रार दिली होती आणि दुसऱ्या प्रतीवर त्याची सही आणली होती. तेव्हापासून बाई दिसल्या की तो आधीच सांगून टाकतो, आज भेंडी जून आहे, घेऊ नका आणि लिहूही नका.

"तोंडी नको," हे त्यांचं पालुपद. मुलगा म्हणाला, बाई, वही घरी राहिली, की बाई म्हणणार, तोंडी नको. मुख्याध्यापक, ज्यांना आम्ही मोठे सर म्हणतो, ते शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हुकूम टाकायचे. बाकीचे अंगठा दाखवून मोकळे व्हायचे. नाबर बाई तो हुकूम वहीत उतरवून घ्यायच्या आणि खाली सरांची सही मागायला केबिनमध्ये जायच्या. अंगठा ही पोच नव्हे, असं त्यांचं म्हणणं. सर म्हणे बाईंच्या चपलांचा आवाज ओळखायचे आणि फोन कानाला लावायचे, फोन बंद असला तरी.

माझी आणि बाईंची ओळख खुर्चीवरून झाली. मला नोकरीला लागून जेमतेम आठवडा झाला होता. मोठ्या सरांना कुणीतरी सांगितलं होतं की खुर्ची असली की शिक्षक बसतात, आणि बसले की शिकवत नाहीत. सरांनी मला बोलावून सांगितलं, सगळ्या वर्गांतल्या खुर्च्या काढून खाली ठेव. मी पहिलीपासून सुरुवात केली. बायका-पुरुष सगळे शिक्षक तोंड पाडून बघत राहिले. सातवी 'ब'मध्ये गेले तर बाई फळ्यावर त्रिकोण काढत होत्या. मी खुर्चीला हात लावल्याबरोबर त्या म्हणाल्या, थांब. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी पर्समधून कागद काढला, मध्ये कार्बन घातला आणि लिहिलं, 'लाकडी खुर्ची, नग एक, उजवा हात हलणारा, चालू तासाला वर्गाबाहेर नेली. हस्ते मंदा.' आणि पेन माझ्यापुढे धरलं.

मी हात मागे घेतला. गावाकडे एखाद्या बाईने सही केली की त्यानंतर तिची जमीन तरी जाते नाहीतर ती स्वतः तरी. मी म्हटलं, बाई, मला सरांनी सांगितलंय. बाई म्हणाल्या, मग तसं लिही. मी लिहिलं, 'सरांनी सांगितलं.' चाळीस मुलं टक लावून बघत होती. पोलिसात जबाब देतेय असंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सरांना अर्ज दिला. शिक्षकाने दिवसभर उभं राहावं असा नियम असल्यास त्याची प्रत मिळावी, आणि माझी खुर्ची सध्या कोणाच्या ताब्यात आहे ते लेखी कळावं. सरांना तसलं काही लिहिता येईना, कारण तसला नियमच नव्हता. तीन दिवसांनी मी सगळ्या खुर्च्या परत वर नेल्या. सातवी 'ब'मध्ये खुर्ची ठेवली तेव्हा बाईंनी मला पोच दिली. 'नग एक, परत मिळाली. उजवा हात अजून हलतोच.'

मुलांनी हे सगळं पाहिलं होतं. महिनाभरात सातवी 'ब'ने बाईंनाच अर्ज दिला, की पीटीच्या तासाला गणित घेऊ नये, खेळणं हा आमचा हक्क आहे. खाली सगळ्यांच्या सह्या, आणि दोन प्रती. बाईंनी अर्ज वाचला. हक्कामधला 'क्क' चुकला होता, तो लाल पेनाने दुरुस्त केला. मग दुसऱ्या प्रतीवर पोच दिली आणि तोंड एवढंसं करून स्टाफरूममध्ये जाऊन बसल्या. अपूर्णांक अर्धे राहिले होते. पण मुलं खाली मैदानात आरडाओरडा करत होती आणि बाई खिडकीपाशी उभ्या राहून ते ऐकत होत्या, हे मी झाडू मारताना पाहिलंय.

आता कुलपाचं सांगते.

मुलींच्या बाथरूमचे नळ कुणीतरी तोडले, म्हणून मोठ्या सरांनी दाराला कुलूप लावलं. किल्ली माझ्या कमरेला. फक्त मधल्या सुट्टीत उघडायचं, असा हुकूम, अर्थात तोंडी. लहान लहान पोरी माझ्याकडे यायच्या, पाय आवळून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, मावशी, एकदाच. मी इकडेतिकडे बघून उघडायची. सरांनी दोनदा पकडलं. तिसऱ्यांदा घरी पाठवीन म्हणाले. मग मी उघडेना झाले. पोरी आल्या की मी खोटंच जिन्यात झाडायला जायची. असं करणारं माणूस मी नाही हो, पण मी करत होते.

एक दिवस न राहवून नाबर बाईंना सांगितलं. त्यांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "तोंडी नको, मंदा. अर्ज लिही."

मी म्हटलं, मला कुठे लिहिता येतं, तुम्ही सांगा, मी लिहिते. त्या म्हणाल्या, माझा अर्ज मी कधीच दिलाय, हा तुझा आहे. किल्ली तुझ्याकडे आहे.

शाळा सोडल्यापासून मी फक्त आईला पत्रं लिहिली होती, तीही मोबाइल येईपर्यंत. मला तेवढीच एक रीत ठाऊक. दोन दिवस खपून मी जे लिहिलं ते असं होतं: 'मोठे सर यांस मंदाचा शिरसाष्टांग नमस्कार. पत्रास कारण की, मुलींना लघवीला लागली तरी कुलूप असते. त्या रडतात. माझ्याने बघवत नाही. तरी कुलूप काढावे. बाकी सर्व क्षेम. आपली तब्येत जपावी. लहानांस आशीर्वाद, थोरांस नमस्कार. उलट टपाली उत्तर देणे.'

बाईंनी दोनदा वाचलं. मला वाटलं फाडतील आणि नवीन लिहायला लावतील. त्यांनी वर फक्त तारीख घातली आणि मला घेऊन ऑफिसात गेल्या. आमचे क्लार्क तावडे भाऊ वाचता वाचता हसायला लागले. 'आपली तब्येत जपावी' ते मोठ्याने वाचत होते, तर बाईंनी त्यांच्यापुढे शाईचं पॅड सरकवलं आणि नुसतं त्यांच्याकडे बघत राहिल्या. भाऊंनी शिक्का मारला, आवक नंबर टाकला, सही केली. एक प्रत सरांकडे गेली, एक मला मिळाली. ती हरवेल या भीतीने मी ती बाईंकडेच ठेवायला दिली. अर्थात त्यांनी मला तिचीही पोच दिली.

कुलूप काही निघालं नाही. उत्तरही आलं नाही, उलट टपाली नाही की सुलट टपाली नाही.

मग चाचणीच्या दिवशी पाचवीतल्या आर्याचा फ्रॉक ओला झाला. तिने दोनदा हात वर केला होता. पेपर संपेपर्यंत थांब, असं तिला सांगितलं गेलं आणि ती थांबू शकली नाही. वर्ग हसला. मी तिला माझ्या ओढणीत गुंडाळून खाली आणलं. ती रडतही नव्हती, भिंतीकडे तोंड करून उभी होती.

तासाभरात तिची आई आली. चिडलेली होती, पण आवाज चढवत नव्हती, त्याने सर जास्त घाबरले. त्यांनी तिला बाहेर बसवलं आणि मला केबिनमध्ये घेतलं. टेबलावर कागद तयार होता. मी, मंदा, चाचणी चालू असताना न विचारता किल्ली घेऊन शाळेबाहेर गेले होते, असा. एवढी वर्षं तोंडी बोलणारे सर, त्या दिवशी पहिल्यांदा लेखी द्यायला तयार झाले होते.

"सही कर. नुसता कागद आहे," सर म्हणाले. "नाहीतर उद्यापासून येऊ नको."

मी पेन घेतलं. खरं तेच सांगते. खोली भाड्याची, नवरा आजारातून नुकता उठलेला, आणि गावाकडे परत जायला तोंड नाही. मी 'मं' लिहिलासुद्धा.

तेवढ्यात चपलांचा आवाज आला. सरांनी सवयीने फोन कानाला लावला. बाई आत आल्या त्या आर्याच्या आईला घेऊनच. त्यांनी पर्स उघडली, माझा अर्ज काढला आणि उभ्या उभ्या मोठ्याने वाचला. पहिल्यापासून. शिरसाष्टांग नमस्कारापासून. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. 'त्या रडतात. माझ्याने बघवत नाही,' इथे आर्याच्या आईने माझ्याकडे पाहिलं. पण बाई थांबल्या नाहीत. आपली तब्येत जपावी, लहानांस आशीर्वाद, थोरांस नमस्कार, सगळं वाचलं, शिक्का आणि आवक नंबरसुद्धा. मग कागद सरांपुढे ठेवून म्हणाल्या, "उत्तर यायचं राहिलंय."

सरांचा फोन अजून कानालाच होता. आर्याच्या आईने त्यांना विचारलं, कुणाशी बोलताय. सरांनी फोन टेबलावर पालथा ठेवला.

कुलूप त्याच दुपारी निघालं. मला घरी कुणी पाठवलं नाही. बाईंना मात्र 'कारणे दाखवा' नोटीस आली, परवानगीशिवाय केबिनमध्ये शिरल्याबद्दल. बाईंनी ती उत्साहाने घेतली, तीन चुका दुरुस्त केल्या आणि पोच दिली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांचे आभार मानायला स्टाफरूममध्ये गेले. त्या एकट्याच होत्या, वह्या तपासत. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, आभार नको. आणि मग, माझ्याकडे न बघता, त्यांनी मला सुमनचं सांगितलं.

बाईंची नोकरीची पहिलीच वर्षं. सुमन आठवीत होती, आरेच्या जंगलातल्या एका पाड्यावरून यायची. वर्गात तिचा ड्रेस खराब झाला आणि तिला बाहेर जाऊ न देता एका सरांनी बाकावर उभं केलं. बाईंनी त्या वेळच्या मुख्याध्यापकांना हे सांगितलं. ते बघतो म्हणाले. बाईंना वाटलं, बघतील. सुमन शाळेत आली नाही. तीन आठवड्यांनी बाई पाड्यावर गेल्या, तर तिला मामाकडे पाठवून दिलेलं, कुठल्या गावाला ते कुणी नीट सांगेना. परत येऊन त्या मुख्याध्यापकांना बोलल्या, तर ते अगदी शांतपणे म्हणाले, बाई, तुम्ही मला कधी सांगितलंत?

"एकोणीस नंबर," बाई म्हणाल्या. "अजून हजेरी घेताना मी तिथे जरा थांबते."

त्यांनी पुढची वही ओढली. पण पेनाचं टोपण काढलं नाही.

मग मी जे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगितलं. शाळा का सोडली असं बाईंनी मागे विचारलं होतं तेव्हा मी घरची परिस्थिती म्हटलं होतं. परिस्थिती होती, पण ती सगळ्यांचीच होती. आमच्या हायस्कुलात मुलींना जायला जागाच नव्हती. सकाळपासून आम्ही पाणी प्यायचो नाही. आठवीत पाळी सुरू झाली आणि एक दिवस मी आईला म्हटलं, 'माका शाळा नको.' आई म्हणाली, 'बरा.' का नको, ते तिने विचारलं नाही, शाळेनेही विचारलं नाही.

बाई ऐकत होत्या. तोंडी नको म्हणाल्या नाहीत. त्यांनी शेजारची खुर्ची माझ्याकडे ओढली आणि म्हणाल्या, बस गं.

आरेतल्या पाड्यांवरून आमच्या शाळेत अजून सात-आठ मुली येतात. सुटल्यावर त्यांना बसमध्ये चढवून देणं माझ्याकडे आहे. मी एकेकीला विचारायला घेतलंय, की तुझ्या आईच्या, मावशीच्या वयाची कुणी सुमन, लहानपणीच मामाकडे गेलेली, ठाऊक आहे का. ती माझ्याच वयाची असेल. अजून कुणाला माहीत नाही. एका मुलीची आजी जुन्या माणसांना ओळखते म्हणे, रविवारी तिच्याकडे जाणार आहे. वेळ लागेल. पण बाई, मी तिला शोधीन, आणि ती कुठे आहे, कशी आहे, हे तुम्हाला येऊन सांगीन.