कॅमेऱ्याकडे न बघणारे सुर्वेकाका

आमच्या कात्रप भागात कुणीही सेल्फी काढायला मोबाइल वर केला, की मागून आमच्या बिल्डिंगचे सुर्वेकाका जातात. हातात पिशवी, नजर सरळ, जणू फार तातडीचं काम खोळंबलंय. फोटो निघाला की परत येतात. काम वगैरे काही नसतं.

काकांनी आयुष्यभर सिनेमात गर्दी केली. बाजारात गिऱ्हाईक, कोर्टात पब्लिक, लग्नात वऱ्हाडी. "हीरो काय, कुणीपण होतो. मागे माणसं नसली तर येडा वाटेल ना तो एकटा गाताना!" माझ्या मुलीच्या साखरपुड्याच्या प्रत्येक फोटोत काका मागे उभे राहून, आवाज न काढता, नुसते ओठ हलवत मांडवाच्या खांबाशी गप्पा मारताहेत. व्याह्यांनी मला हळूच विचारलं, "ह्यांना काही त्रास आहे का?"

पण कॅमेऱ्याकडे बघणार नाहीत. मेले तरी. "कॅमेऱ्यात बघितलं की दुसऱ्या दिवशी काम बंद. डायरेक्ट घरी!"

आता काम तसंही बंदच आहे. काकूंची साखरेची औषधं मात्र चालू. म्हणून जुन्या कलाकारांना औषधपाणी आणि रेशन पुरवणाऱ्या एका संस्थेची मुलगी परवा त्यांच्याकडे आली. मी मदतीला, म्हणजे चहाला, हजर होतोच. तिची अट एकच, समोर बघतानाचा फोटो. त्याशिवाय मदत मंजूर होत नाही.

"काका, इकडे बघा."

काका वळले आणि खिडकीतल्या तुळशीशी मुक्यानेच भाजीचा भाव करायला लागले. दुसऱ्यांदा पाठमोरे झाले. तिसऱ्यांदा तर चक्क चालत बेडरूममध्ये गेले.

मी वैतागलो. "अहो काका, काकूंची औषधं हवीत ना?"

"हवीत रे. पण मान वळतच नाय, काय करू?"

बिचारे रडवेले झाले होते. मलाही पहिल्यांदाच हसू येईना.

शेवटी काकू स्वयंपाकघरातून आल्या आणि त्या मुलीला अगदी खेटून उभ्या राहिल्या. "अहो, कॅमेरा गेला खड्ड्यात. माझ्याकडे बघा."

काकांनी बघितलं. फोटो निघाला. सुरेख निघाला.

"झालं काका, आता हललात तरी चालेल," मुलगी म्हणाली.

काका हलेनात. "तुझ्या काकूने कट कुठे म्हटलंय?"

काकू पदराने चष्मा पुसत राहिल्या आणि काका त्यांच्याकडे बघत राहिले. चहा तसाच ठेवून मी घरी आलो.