टर्कीला बोलावण्याची योग्य पद्धत

मनुष्य हा मुळात शिकारी प्राणी आहे, हे शास्त्रीय सत्य आपल्या लोकांना व्हिसाची मुदत जवळ आली की पटू लागते. एरवी आपण साधी माणसे. झुरळ दिसले तरी आधी शेजाऱ्याला हाक मारणार. परंतु उत्तर कॅरोलिनातल्या कॅरी गावी, २००३ सालच्या वसंतात, आमच्यातल्या एका सज्जनावर जंगलात बसून टर्की पक्ष्याला बोलावण्याची वेळ आली, आणि ते काम त्याने इतके चोख केले की त्याची कुठेतरी नोंद राहावी म्हणून हा प्रपंच. (वाचकांकडे दोन मिनिटे वेळ आहे ना? मग झाले.)

त्या काळी आमच्या भागात नोकऱ्या जाण्याचा हंगाम चालू होता. कंपन्या त्याला ‘राइट-साइझिंग’ म्हणत. म्हणजे कंपनीचे माप बरोबरच असते, माणसे तेवढी जास्त झालेली असतात. अशा वेळी नुसते काम करून नोकरी टिकत नाही, साहेबाचा छंद जोपासावा लागतो, हे जाणते लोक जाणतात. डब्लिनमधल्या आमच्या मंडळींनी त्यासाठी गोल्फ आत्मसात केला. क्युपर्टिनोतला एक जण साहेबामागे सायकलने डोंगर चढला आणि गुडघा तिथेच ठेवून आला. कॅरीच्या वाट्याला टर्की आली.

याचे कारण डेल. डेल हा आमच्या त्या सज्जनाचा, म्हणजे मोरेश्वरचा, डायरेक्टर. वर्षातले अकरा महिने तो सॉफ्टवेअरच्या धंद्यात असे आणि बारावा, म्हणजे एप्रिल, जंगलात काढी. दर एप्रिलात तो ऑफिसातल्या एकाला बरोबर नेई. मागच्या दोन वर्षांत कपातीच्या कितीतरी लाटा आल्या, पण डेलबरोबर जंगलात जाऊन आलेले शंभर टक्के लोक टिकले. (एकूण लोक दोन. पण टक्केवारी ती टक्केवारी.)

मोरेश्वर हा मूळ नागपूरचा, माझा कारपूलमधला सोबती, आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत तिष्ठत असलेला. नोकरी गेली की रांग गेली, रांग गेली की देश गेला, आणि किंडरगार्टनमधल्या मुलीला, अनन्याला, इंग्रजीत रडत असताना विमानात बसवणे आले. त्यामुळे मार्चमधल्या एका सकाळी कॉफीच्या मशीनपाशी डेलने सहज विचारले, “मो, यू हंट?” तेव्हा मोरेश्वरने आपल्या व्यवसायाच्या परंपरेला साजेसे उत्तर दिले.

ही परंपरा अशी: ‘येते का?’ या प्रश्नाला ‘येते’ हे एकच उत्तर आहे. येण्याची व्यवस्था संध्याकाळी पुस्तक आणून करता येते. जगातल्या निम्म्या बँका या तत्त्वावर चालतात आणि अजून तरी उभ्या आहेत.

“येस,” मोरेश्वर म्हणाला. “थ्री इयर्स एक्स्पीरियन्स. बॅक होम.”

“नो किडिंग! व्हॉट डिड यू हंट?”

इथे पुस्तक आणायला वेळ नव्हता. “पीकॉक,” मोरेश्वर म्हणाला.

राष्ट्रीय पक्ष्याचा देशहिताखेरीज, निव्वळ घरगुती कारणासाठी झालेला हा पहिलाच वापर नसावा. डेलचे डोळे मात्र चमकले. मोर म्हणजे पिसारा फुलवणारा मोठा पक्षी, टर्की म्हणजेही पिसारा फुलवणारा मोठा पक्षी. अनुभव थेट लागू पडत होता. डेलने जाहीर केले की या वर्षी गोळी तो स्वतः झाडील, पक्ष्याला बोलावण्याची जबाबदारी मात्र ‘मो’ची.

बातमी घरी पोचली. शुभा, म्हणजे मोरेश्वरची बायको, घरात अंडेसुद्धा वेगळ्या कढईत करते. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “हे बघ, तू फक्त बोलावणार, मारणार तो. ऑफिसमध्ये रिक्वायरमेंट एक जण घेतो, कोडिंग दुसरा करतो, बग निघाला की तुझं नाव येतं का? मग?” शनिवारी मराठी मंडळाच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा कांचनकाकूंनीही हाच निकाल दिला, की बोलावण्यात पाप नाही, खाण्यात आहे, आणि अमेरिकेत खाल्लेले धरत नाहीत. अडचण फक्त अनन्याने काढली.

“बाबा, डझ द बर्ड नो इट्स यू?”

“नो, बेटा.”

“देन यू आर लाइंग.”

तिला टीव्ही लावून देण्यात आला.

आता पद्धतीविषयी. निसर्गाचा नियम असा की नर ओरडतो आणि मादी चालत त्याच्याकडे जाते. शिकाऱ्याचा नियम याच्या उलट. शिकाऱ्याने झाडाला पाठ टेकून बसायचे, लाकडी डबीवर तिचे झाकण घासून मादीचा आवाज काढायचा, आणि नराला आपल्या दारी आणायचे. मोरेश्वरने हे लायब्ररीतल्या पुस्तकात चारदा वाचले, तरी डोक्यात शिरेना. शेवटी ते पुस्तक गुरुदत्तकाकांच्या हाती पडले. काका औषधाच्या कंपनीतून निवृत्त झालेले, शिकारीचा गंध नाही. पण या परिसरात त्यांनी जमवलेली लग्ने डझनाच्या वर आहेत. (टिकलेली वेगळी मोजली जातात.)

“अरे, हा तर आपला बघण्याचा कार्यक्रम!” काका म्हणाले. “मुलगा मुलीकडे येतो. यात न कळण्यासारखं काय आहे? फक्त घाई दाखवायची नाही. मुलीकडच्यांनी दोनदा फोन केला की मुलगा भाव खातो. एकदा हळूच बोलवायचं, की गप्प बसायचं. तिकडे तो अस्वस्थ झाला पाहिजे, हिला दुसरं स्थळ आलं की काय म्हणून!”

पुढचे तीन आठवडे मोरेश्वरने डेलने दिलेल्या डबीवर कारपूलमध्ये रियाज केला. गाडी मी चालवत असे आणि शेजारी एक मादी टर्की बसून क्योंक-क्योंक करीत असे. सुरुवातीला ती कर्कश होती, मग लाडिक झाली, आणि एप्रिल उजाडेपर्यंत इतकी समंजस आणि घरंदाज झाली की एकदा सिग्नलला मलाच भरून आले. सांगायला हरकत नाही, या माणसाला देवाने प्रोग्रॅमिंगसाठी जन्माला घातलेच नव्हते.

शिकारीच्या दिवशी पहाटे शुभाने रिवाजाप्रमाणे त्याच्या हातावर दही ठेवले आणि कपाळावर ठसठशीत कुंकू लावले. मुलाखतीला, व्हिसाला, ड्रायव्हिंग टेस्टला लावतात, तर शिकारीला का नाही? मोरेश्वर त्या तिलकासह जंगलात पोचला. डेलने टॉर्च त्याच्या तोंडावर धरला आणि तो दोन पावले मागे सरकला.

कारण जंगलाचा एक कडक नियम आहे. नर टर्कीचे डोके लाल, पांढरे आणि निळे असते. म्हणून हे तीन रंग अंगावर घालून झाडीत बसायचे नाही, दुसरा शिकारी पक्षी समजून गोळी घालतो. त्या वर्षी, इराक युद्धाच्या उत्साहात, देशातल्या प्रत्येक गाडीवर, छातीवर आणि केकवर झेंड्याचे नेमके हेच तीन रंग होते. पण देशप्रेम रस्त्यावर. जंगलात तेच रंग दिसले तर आपलाच माणूस आपल्याला मारतो. डेलने थुंकी लावून बाहीने कुंकू पुसले. ते पुसले गेले नाही, पसरले. मोरेश्वरचे तोंड आता कपाळापासून हनुवटीपर्यंत टर्कीसारखे लाल झाले, म्हणून त्यावर हिरवी जाळी चढवण्यात आली.

मग दोघे ओकच्या बुंध्याला टेकून बसले. डेल बंदूक गुडघ्यावर ठेवून कुजबुजला, “तो जवळ आला की शेवटी अगदी हळू एकदा टुक कर. तो मान वर करतो. बाकीचं मी बघतो.”

फटफटले. मोरेश्वरने डबी एकदा, हळूच घासली.

दूर टेकडीवरून उत्तर आले. मोठे, भरघोस, खाकरून दिलेले. मोरेश्वर गप्प बसला. पुन्हा उत्तर आले, या वेळी जवळून. मोरेश्वर गप्पच. मग बराच वेळ काहीच नाही, आणि या शांततेत मोरेश्वरचे ग्रीन कार्ड, अनन्याची शाळा, सगळे अडकलेले होते. एक डास जाळीच्या आत शिरून शांतपणे नाश्ता करीत होता. डेल दगड झाला होता. आणि अचानक झाडीतून तो आला. छाती पुढे, पिसारा फुललेला, दोन पावले टाकावीत, थांबावे, इकडेतिकडे बघावे, पुन्हा दोन पावले. इस्त्रीचे कपडे घालून, पत्ता विचारत विचारत कुणी मुलगा मुलगी बघायला यावा तसा.

त्याला बघून मोरेश्वरला गलबलून आले. पाच वर्षांपूर्वी नागपुरात त्यालाही असाच एक फोन आला होता. गोड आवाज, थोडेच शब्द, ग्रेट अपॉर्च्युनिटी. मग दोन आठवडे शांतता, आणि हा तिकडे अस्वस्थ. तोही असाच निघाला होता, नवा सूट घालून, छाती पुढे काढून. बोलावणारा कोण हे त्याने अजूनही पाहिलेले नाही.

डेलची बंदूक खांद्याला लागली. कोपर हलले, म्हणजे टुक कर. मोरेश्वरने डबीवर हात ठेवला. पाहुणा दारात आला होता. आणि पाहुणा दारात आला की बसून राहायचे नाही, हे जे नागपूरला लहानपणी पाठीत धपाटे घालून शिकवलेले असते, ते अमेरिकेत पाच वर्षे राहून जात नाही.

मोरेश्वर उठून उभा राहिला. “या,” तो म्हणाला.

गोळी ओकच्या फांदीत गेली. पाहुणा आल्या वाटेने गेला. इतक्या वजनाचा पक्षी एवढा वेग घेऊ शकतो हे पुस्तकात दिलेले नाही.

परतताना डेलने बंदूक गाडीत मागे टाकली. मग म्हणाला, “मोराच्या वेळी उभं राहतात?”

“राहतात,” मोरेश्वर म्हणाला. “दॅट्स द प्रोसेस.”

हे मुद्दाम केलेस की सवयीने झाले, असे मी त्याला नंतर विचारले. “यार, मलाच माहीत नाही,” तो म्हणाला. “पण घरी गेल्यावर अनन्यानं विचारलं तेव्हा तिच्याकडे बघता आलं.”

सोमवारी मोरेश्वरने कारपूलमध्ये मांडीवर रिकामे खोके घेतले होते. डेस्कवरचे गणपती, मुलीचे फोटो न्यायला बरे पडते. दहाच्या सुमारास एचआरच्या बाई मजल्यावर आल्या. मोरेश्वर उठू लागला. बाई त्याला ओलांडून पुढे गेल्या, डेलच्या दारात थांबल्या आणि अगदी हळू, एकदाच म्हणाल्या, “डेल, गॉट अ मिनिट?”

तीस वर्षे जंगलात काढलेल्या डेलने मान वर केली. उठला, शर्ट नीट केला, आणि छाती पुढे काढून बाईंच्या मागोमाग गेला.

तो परत आला तेव्हा बरोबर सिक्युरिटीचा माणूस होता. मोरेश्वरने आपले खोके त्याच्यापुढे ठेवले. डेलने त्यात मुलांचे फोटो ठेवले, एक टर्कीचे पीस ठेवले, आणि म्हणाला, “मो, तिने आवाज किती हळू ठेवला बघितलंस?” त्याच्या आवाजात रागापेक्षा कौतुकच जास्त होते. मोरेश्वरने डबी परत द्यायला काढली. “ठेव,” डेल म्हणाला. “तुझा हात चांगला आहे. फक्त उभा राहू नकोस.”

त्यानंतर काही दिवसांनी मोरेश्वरला कंपनीच्या पुण्यातल्या नव्या ऑफिसातून फोन आला. सगळे काम तिकडे चालले आहे, उभारणीला अनुभवी माणूस हवा, ग्रेट अपॉर्च्युनिटी. एकदाच आला. मग चिडीचूप. मोरेश्वरने गाडीत मला सगळे उलगडून दाखवले, ही हाक कुठली, ही शांतता कशासाठी, बंदूक साधारण कुठे असणार.

“सगळं समजतंय रे,” तो म्हणाला. आणि मैलभर गेल्यावर म्हणाला, “पण पुन्हा फोन का नाही आला, यार? दुसरं कोणी मिळालं की काय त्यांना?”

गुरुवारी त्याने स्वतःच फोन केला. जूनमध्ये आम्ही तिघांना विमानतळावर पोचवले. अनन्या इंग्रजीत रडत होती.

परतताना मला मोरेश्वरच्या बावळटपणाचे हसू आवरेना. तुम्हालाही येत असेल. टर्की, डेल, मोरेश्वर, एकाहून एक. हळूच कोणी हाक मारली की निघालेच. आपले तसे नाही. फक्त एक आठवण करून देतो. वर पहिल्याच परिच्छेदात मी तुम्हाला एकदाच, कंसात, अगदी हळू, दोन मिनिटे वेळ आहे ना असे विचारले होते, आणि मग त्याविषयी गप्प बसलो होतो. दोन मिनिटे केव्हाच होऊन गेली. तुम्ही चालत चालत इथवर आलात.

आता मान जरा वर करा.