भिंतीला गाल लावणारे तात्या

सोपानतात्या कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला गाल लावत. चहापाणी नंतर. डोळे मिटून क्षणभर थांबत आणि म्हणत, "आत पानी हाय. कागदावर घ्या."

जळोचीच्या आमच्या वसाहतीतली घरं सरकारी योजनेतली. सगळी एकाच नकाशाची. उन्हाचा ताप लागू नये म्हणून भिंती दुहेरी, मधल्या पोकळीत थर्माकोल. ठेकेदारानं काम असं केलं की दुसऱ्याच पावसाळ्यात पोकळीत पाणी शिरलं आणि तिथंच मुक्कामाला राहिलं. पोपडे सुटले, कपाटातल्या कपड्यांना बुरशी आली. माझ्या मुलीचा खोकला हटेना.

सरकार दुरुस्ती मोफत करून देणार, हे आम्हाला तात्यांकडूनच कळलं. जन्मभर कालव्यावर पाटकरी म्हणून नोकरी केलेला माणूस. पाणी कुठून शिरतं आणि अर्ज कुठे अडतो, दोन्ही त्यांना ठाऊक. घरोघरी जाऊन त्यांनी अर्ज लिहिले. 'फार ओल आहे' असं मोघम लिहू देत नसत. कुठल्या कोपऱ्यात, किती वीत, ते मोजूनच. तपासणीला आलेल्या इंजिनीअर बाईंनाही त्यांनी भिंतीला गाल लावायला सांगितलं. बाईंनी लावलाही.

दुरुस्तीच्या काळात घर रिकामं करावं लागे. आम्ही लोणी भापकरला भावाकडे राहिलो. काम झाल्यावर घर आवरायला आलो, तर समाजमंदिराच्या दारावर दुरुस्तीच्या घरांची यादी लागलेली. सगळ्या वसाहतीत एकच घर तिच्यात नव्हतं. तात्यांचं.

विचारायला गेलो, तर म्हणाले, राहून गेलं. तेवढ्यात माई, त्यांच्या पत्नी, आतून आल्या. मधुमेहानं त्यांची नजर गेली त्याला दोन वर्षं झाली. भिंतीला बोटं टेकवत त्या सरळ ओट्याकडे गेल्या.

तात्या हळूच म्हणाले, "दुसऱ्या घरात तिला पाऊल टाकता यायचं न्हाय. हितं सोताचा च्या सोता करती. तेवढंच ऱ्हायलंय तिचं."

मी म्हणालो, शेजारी माझं घर आहे, नकाशा तोच आहे, आम्ही अजून थोडे दिवस भावाकडे राहू. तात्यांनी कोरा कागद काढला. अर्ज लिहायला बसले, तेव्हा स्वतःचं नाव लिहिताना दोनदा चुकले.

मग दोन दिवस ते माझ्या घरात पावलं मोजत होते. माझा पलंग सरकवला, फ्रीज हलवला, फळीवर चहाचा, साखरेचा, मिठाचा डबा त्यांच्या घरच्या क्रमानं मांडला. तिसऱ्या दिवशी माईंना घेऊन आले.

आठवड्यानं मुलीची पुस्तकं न्यायला गेलो आणि माझ्याच दाराची कडी वाजवली. दार माईंनी उघडलं. आवाज ओळखून म्हणाल्या, "या दादा, बसा. च्या टाकते."

आत भांडी वाजत राहिली. तात्या माझ्याशी उसाच्या तोडीचं बोलत होते, पण लक्ष सगळं तिकडे. थोड्या वेळानं माई दोन्ही हातांत कप घेऊन निघाल्या. कप घ्यायला मी उठू लागलो, तसा तात्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

"आनू द्या तिला," ते म्हणाले.