उसन्या सासूबाई

"तू फक्त आईला स्टेशनवरून घेऊन ये. बाकी सगळं माझ्यावर सोड!" तक सोंगगूने छाती फुगवून सांगितलं आणि त्याच्या बायकोने, मिरानने, डोक्याला हात लावला. आजवर जे जे सोंगगूवर सोडलं, ते ते निस्तरायला तिलाच धावावं लागलं होतं!

पण या वेळी प्रश्न कोंबडीचा होता.

मिरानच्या माहेरगावातच काय, कोरियातल्या कुठल्याही गावात जावई घरी आला की सासू अंगणातली ठेवणीतली, अंडी देणारी कोंबडी कापते. त्यावरून गावाला कळतं की जावई पसंत पडला. थोरल्या जावयाला ती पहिल्याच फेरीत मिळाली. सोंगगूच्या लग्नाला तीन वर्षं झाली, तरी त्याच्या वाट्याला एकदा टोफू आला, एकदा उकडलेले बटाटे, आणि गेल्या सुगीच्या सणाला सुकट. कोंबडी त्याच्या पानासमोरून मान उडवत हिंडत राहिली. वर साडू दर महिन्याला फोन करून गोड आवाजात विचारणार, "काय, कापली का?" जळफळाट व्हायचा नुसता!

आता सासूबाई प्रथमच सोलला येत होत्या. चोंगनोच्या गल्लीतली एक खानावळ त्यांनी टीव्हीवर पाहिली होती. सुरीने कापलेल्या ताज्या नूडल्सचा वाफाळता रस्सा, म्हणजे खालगुक्सू, आणि सोबत मुठीएवढे वाफवलेले मांदू, आत सारण ठासून भरलेले! हे एकदा सासूबाईंच्या पोटात गेलं की कोंबडीची शंभरी भरली, असा सोंगगूचा साधा सरळ हिशेब होता.

अडचण एकच. त्या खानावळीत आगाऊ टेबल मिळत नाही, सगळी माणसं हजर असल्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि कणीक संपली की दार बंद. दाराशी मालकीणबाई स्वतः उभ्या राहतात. त्यांच्या आवाजाला अख्खी गल्ली टरकून असते.

सोंगगू सकाळपासून रांगेत उभा होता. त्याचा नंबर दाराशी आला आणि मिरानचा फोन वाजला.

"अरे, टॅक्सी मोर्चात अडकलीय!"

"कुठल्या मोर्चात?"

"मला काय माहीत! शनिवार आहे, दोन्ही बाजूंचे निघालेत. आई खिडकीतून शिव्या घालतेय."

"कुठल्या बाजूला?"

"दोन्ही!"

इतक्यात मालकीणबाई गरजल्या, "तिघं ना? बाकीच्या दोघी कुठायत?"

"आल्याच, मोर्चात..."

"माणसं नाहीत तर टेबल नाही. मागे व्हा!"

मागे म्हणजे कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापलीकडे! तिथून पुन्हा दाराशी येईपर्यंत कणीक संपणार, सासूबाई उपाशी राहणार आणि कोंबडी म्हातारी होऊन मरणार. सोंगगू सैरभैर होऊन रांगेच्या शेपटाकडे धावला. तिथे डोंगर चढून आलेल्या दोन बायका नुकत्याच उभ्या राहिल्या होत्या. जांभळट कुरळे केस, पाठीला पिशव्या, आणि पोटात कावळे.

"मावशी, दहा मिनिटं माझ्या सासूबाई व्हाल का?" सोंगगूने त्यातल्या थोराड बाईंपुढे हातच जोडले. "खऱ्या आल्या की तुम्ही उठायचं. मांदू माझ्याकडून!"

बाईंचं नाव बोक्सुन. त्यांनी त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "जावई जरा हडकुळाच आहे. पण चालेल. चल गं मालजा!"

दाराशी मालकीणबाईंनी मालजाबाईंकडे बोट दाखवलं. "या कोण?"

"बायको," सोंगगूच्या तोंडून निघून गेलं.

मालजाबाईंची साठी कधीच उलटली होती.

"वयाने थोडी मोठी आहे," सोंगगू घाम पुसत म्हणाला.

"थोडी?" मालकीणबाईंनी सुस्कारा सोडला. "जाऊ दे, ज्याची त्याची आवड. कोपऱ्यातलं चौघांचं टेबल घ्या."

आत गेल्याबरोबर बोक्सुनबाईंच्या अंगात खरोखरच सासू संचारली! "चमचे मांड. पाणी ओत. आधी मला, मग तिला! ती आंबवलेल्या कोबीची किमची काय अशीच अख्खी गिळू? कात्रीने काप! तुझ्या आईने काही शिकवलं नाही वाटतं?" सोंगगू यंत्रासारखा सगळं करत होता. रस्सा आला, मांदू आले. बाईंनी एक वाडगा संपवून नूडल्स पुन्हा मागवल्या. लसणाने ठासलेली किमची खाता खाता त्यांनी विचारलं, "काय रे, सासूने कोंबडी कापली की नाही?"

झालं! सोंगगूचा बांध फुटला. "नाही हो! तीन वर्षं झाली! कंजूष बाई आहे. तिला माझ्यापेक्षा कोंबडी लाडकी!" त्याचे डोळे भरून आले. त्यात थोडा वाटा लसणाचाही होता.

"अरेरे, लेकरा!" बोक्सुनबाईंना गहिवर आला. त्यांनी एक अख्खा गरमागरम मांदू उचलला आणि त्याच्या तोंडात कोंबला.

नेमकी तेव्हाच मिरान सासूबाईंना घेऊन दाराशी पोचली.

"ओ, रांगेत या!" मालकीणबाई ओरडल्या.

"आत माझा नवरा बसलाय. तो काय!"

"तो? काहीतरीच काय! त्याची बायको आणि सासू कधीच्या येऊन जेवतायत!"

खानावळीतले सगळे चमचे थांबले. सोंगगूला बोलायचं होतं, पण तोंडात निखारा होता. गिळता येईना, थुंकता येईना. बोक्सुनबाईंनीच त्याची सुटका केली. म्हणजे, त्यांना तसं वाटलं.

"या, या! तुम्हीच का त्या कोंबडीवाल्या? अहो, किती हा कंजूषपणा! पोरगं रडतंय इथे!"

सासूबाईंचा चेहरा आंबलेल्या किमचीसारखा झाला. सरळ टेबलापाशी येऊन त्यांनी कमरेवर हात ठेवले. "माझ्या जावयाला घास भरवणाऱ्या तुम्ही कोण? जन्मसाल कुठल्या प्राण्याचं तुमचं?"

"माकडाचं!" बोक्सुनबाईही काही कमी नव्हत्या.

"माकडाचं?" सासूबाईंचे हात कमरेवरून खाली आले. "अगं बाई! मीही माकडाच्याच सालातली!"

"काय सांगतेस! सरक गं मालजा, बसू दे हिला!"

कोरियात वय मोजतात ते बारा प्राण्यांच्या सालांवरून; एका सालातल्या निघाल्या म्हणजे एका वयाच्या, म्हणजेच जन्माच्या मैत्रिणी. 'अहो' कुठल्या कुठे गेलं! दोघींनी एकमेकींचे हात धरले, गुडघ्यांची चौकशी झाली, मग मोर्चातल्या दोन्ही बाजूंना मिळून शिव्या झाल्या. मिरान नवऱ्याकडे न बघता चौथ्या जागेवर बसली. ती जागा मोकळी होती, कारण सोंगगू माफी मागायला उठला होता.

"चौघांचं टेबल आहे," मालकीणबाईंनी त्याचा खांदा धरला. "पाचवा बाहेर!"

सोंगगू औषधाच्या दुकानापलीकडे जाऊन उभा राहिला. त्याचा नंबर यायला दोन माणसं उरली असताना कणीक संपली.

पुढच्या आठवड्यात साडूचा फोन आला. "अभिनंदन! कापली की रे!"

सोंगगूला हर्षवायू व्हायचाच बाकी होता. "खरंच? मला बोलावलंय?"

"छे! ती सोलची मैत्रीण आलीय राहायला, तिच्यासाठी. दोन्ही तंगड्या एकटीने खाल्ल्या म्हणे."

संध्याकाळी गावाहून सोंगगूच्या नावाने खोका आला. आत भुशात जपून ठेवलेली, त्या कोंबडीने घातलेली शेवटची दोन अंडी होती. त्यातलं एक वाटेत फुटलं होतं.