व्याप्ती: कायम

शहरात कुणी ‘ती’ म्हटलं की ती नेमकी कोण, हे बोलणाऱ्याने नव्हे, तर सर्वनाम निश्चिती कार्यालयाने ठरवायचं, या नियमाला आता चार वर्षं झाली होती. बहुतेक ‘तो’ आणि ‘ती’ संगणकच लावून टाकायचा. एखादं वाक्य अडलं की त्याची चिठ्ठी दोन टेबलांवर जायची. दोघांनी एकमेकांना न विचारता नाव लिहायचं. नावं जुळली की शिक्का. बोलणाऱ्याला विचारायला सक्त मनाई होती. तो पक्षकार असतो.

एका टेबलावर वैदर्भी बसायची, दुसऱ्यावर नवीन आलेली निमिषा. मधे पार्टिशन होतं. त्यापलीकडून निमिषाचं हसू आलं की वैदर्भीचं पेन थांबायचं, कारण हसवणारा बहुतेक वेळा आवक-जावकचा यशोधन असायचा. दोन वर्षं रोज संध्याकाळी वैदर्भीला बसस्टॉपपर्यंत सोडणारा यशोधन.

“डबा खायचा ना?” मंगळवारी त्याने विचारलं.

“तिकडे खा. तिकडे कारळ्याची चटणी आहे म्हणे.”

“अगं, काल एक घास घेतला मी!”

“एक? मला तीन ऐकू आले.”

“घास ऐकू येतात तुला?”

“पार्टिशन पातळ आहे,” वैदर्भी म्हणाली आणि तिने डबा एकटीनेच उघडला.

दुपारी चिठ्ठी आली. यशोधनने आईला लिहिलेल्या पत्रातलं वाक्य होतं: ‘ती रोज माझ्याशी भांडते, पण लग्न करीन तर तिच्याशीच.’

आपला संबंध असेल तर तसं लिहून देऊन चिठ्ठी परत करता येत असे. पण तसं लिहून द्यायचं म्हणजे पार्टिशनपलीकडच्या बाईला आपलं मन आयतं कळवायचं. वैदर्भीने चिठ्ठी ठेवून घेतली.

तिने पुरावा शांतपणे तपासला. भांडते. आपण कुठे भांडतो? आपण फक्त विचारतो. निमिषा मात्र गुरुवारी टपालाच्या पिशवीवरून त्याच्याशी चांगली तावातावाने भांडली होती, आणि तो हसत होता. वैदर्भीने स्वच्छ अक्षरात निमिषाचं नाव लिहिलं. खाली व्याप्तीचा रकाना होता: वाक्यापुरती, पत्रापुरती, कायम. अर्धवट कशाला, म्हणून तिने ‘कायम’वर खूण केली. खूण करताना कागद फाटला.

“दोन्ही टेबलांवर एकच नाव!” केबिनमध्ये कार्यालयप्रमुख खंडागळेसाहेब खूश झाले. “निमिषाबाईंनीही स्वतःचंच लिहिलंय. व्याप्तीसुद्धा जुळली.”

“साहेब, पण मी तर वैद—” निकाल घ्यायला आलेला यशोधन सांगू लागला.

“पक्षकाराने मधे बोलू नये.” त्यांनी शिक्का मारला.

यशोधनने निकालाची प्रत दोनदा वाचली, सही केली आणि बाहेर जाऊन निमिषाच्या टेबलासमोर उभा राहिला.

“पण मी रोज कुठे भांडते?” निमिषा म्हणाली.

“निकालात तसं आहे.”

“बरं.” तिने घसा साफ केला. “उशीर का केलात?”

“साहेबांकडे होतो.”

“असं होय. मग ठीक आहे.”

पार्टिशनच्या अलीकडे वैदर्भी कान देऊन ऐकत होती. हे भांडण नव्हतंच. तीन घासांचा हिशेबसुद्धा या बाईने मागितला नव्हता.

तिने पुढची चिठ्ठी ओढली.