बाळ येशूची आत्या

थांबा, हातातलं काम ठेवा आणि आधी हे ऐका, मला आता दमच धरवत नाहीये. आमच्या शेजारच्या हवालदारतात्यांनी परवा नाताळात बाळ येशूची आत्या होऊन त्याचं नाव ठेवलं. मिशांसकट.

तात्या मूळचे वडूजकडचे. लढाई संपली आणि पेन्शन घेऊन सांगलीत आमच्या शेजारच्या खोलीत राहायला आले, एकटेच. आळीतली पोरं देवदेव खेळायला बसली रे बसली की दारातून यांचा आवाज, "परमिशन हाय का?"

नसायचीच. मग तात्या टोपी चढवून, मिशीला तेल लावून, ज्याचा देव त्याच्या घरी जाणार. "पलटणीत समद्या धर्माची मानसं हुती. दुसऱ्याच्या देवाला इचारल्याबिगर हात लावायचा न्हाई." माझ्या धाकट्या भावाला, बाळूला, सांभाळायला मी बरोबर असायचे, म्हणून सगळं कानानं ऐकलंय.

भटजीकाका म्हणाले, "बाळकृष्ण ना? त्याचं सगळं लहानपण खोड्यांत गेलं, खेळा खुशाल. फक्त माझ्या देवघरातला नको, त्याची अंघोळ व्हायचीय." मुल्लाचाचांनी कागदाच्या ताबुताला चमकी दिली, पण बाहुलीला नाही म्हणून मान हलवली. "आमच्यात पैगंबरांची तसबीरसुद्धा नसते, हवालदार. बाहुली कुठली?" तात्यांनी सलाम ठोकला आणि बाहेर येऊन बाळूला हुकूम ऐकवला, "ताबूत पास. बाहुली नामंजूर." चौगुलेकाकू जैन. पार्श्वनाथाला पाळण्यात घालायला त्या हो म्हणाल्या, त्यांच्याकडंही पाळणा हलवतातच. "पण मोठेपणचे नकोत हं. त्यांनी सगळं सोडलं, आणि ह्या पोरी त्यांना बांगड्या भरतील."

आणि मग नाताळ. योहान मास्तरांची रूथ सात वर्षांची. तिच्या घरी मातीची गव्हाण मांडलेली, त्यातल्या बाळाचं बारसं करायचं ठरलं. मास्तर म्हणाले, "बाळ न्या, क्रूस तेवढा खेळायला नको. आणि संध्याकाळी माणसं येतात, त्याच्या आत बाळ जागेवर पाहिजे."

झालं, बाळ आमच्या ओसरीवर आणलं आणि पोरी भांडायला लागल्या. प्रत्येकीला आई व्हायचं होतं, आत्या कुणालाच नाही. म्हणून तात्या.

"पण त्याचं नाव ठेवलेलं आहे," रूथ म्हणाली.

"आसंल की. पर त्येच्या कानात कुनी सांगितलंय का? त्येला कसं कळायचं?"

तात्यांनी बाळ उचललं, कानाशी तोंड नेलं आणि "कुर्र" केलं. आता आत्या कुर्र करते तेव्हा तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात, ते तर तुम्हाला माहीतच आहे. सात पोरांनी एकदम घातले, बाळूनं दोन्ही हातांनी. बाळ सुटलं ते फरशीवर. डावा हात खांद्यापासून तुटला.

मला वाटलं आता रूथ भोकाड पसरणार. पण पळ काढला तो तात्यांनीच. तुकडे गोळा करून ते खोलीत गेले आणि ट्रंकेवर बसले.

"चला, बाबांना सांगू या," रूथ म्हणाली.

"तू जा पोरी. मला न्हाई जमायचं."

"आवं तात्या, तुम्ही इटलीत लढून आलाय," मी म्हणाले.

"तिकडं म्होरं बाप नव्हता."

आणि मग खाली बघत सांगायला लागले. "नऊ वर्सांचा हुतो. गनपती बुडवायचा खेळ चालला हुता. गनपती कुठला आमच्याकडं? मी देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक उचलला आन् मोरया म्हनून हिरीत सोडला. चांदीचा. बाप म्हनला, देव घिऊन येशील तवाच उंबऱ्याच्या आत ये. हीर लय खोल हुती. मामाकडं ऱ्हायलो, मग पलटन. बाप गेला तवा मी बोटीवर."

रूथला यातलं किती कळलं कोण जाणे. तिनं त्यांचं बोट धरलं. "मी पुढं होते. तुम्ही मागून या."

मास्तर दारातच होते. तात्या पायरीखाली ताठ उभे, तळहातावर बाळ, बाजूला त्याचा हात. "मोडला. माझ्या हातनं."

मास्तरांनी वाकून बघितलं. "एवढंच ना? गेल्या साली उंटाची मान गेली. मेंढरू तर तीन पायांवरच उभं आहे. पोरं खेळणार म्हणूनच मी मातीचं आणतो. रूथ, आईला सरस तापवायला सांग." आम्ही सगळी आत घुसलो. तात्या तिथंच.

"या की हवालदार."

"पर देव मोडलेला हाय, मास्तर."

"मग तो बाहेर ठेवून कसा चिकटवू?"

"म्हंजे... येऊ आत?"

वहाणा काढायला त्यांना किती वेळ लागला म्हणून सांगू. एक पाय आत टाकला आणि तसेच थांबले, कुणी ओरडतंय का ऐकत. कुणी ओरडलं नाही. आतून रूथच्या आईनं विचारलं, "चहाला गूळ चालेल ना?"

आता तुम्ही सांगा, लहानपणी खेळता खेळता तुमच्या हातनं कधी देव मोडलाय का, नाहीतर हरवलाय? आणि घरचे काय म्हणाले?