अकरा नग, दोन ओले

डॉ. आम्रपाली मेश्राम दिवसभर लोकांची मुलं तपासायची आणि स्वतःचा सुगत मोबाइलवर बघायची. बालरोगाच्या शिक्षणाचं शेवटचं वर्ष. रजा बाळंतपणातच संपलेल्या. आता एक दिवस जरी बुडला, तरी परीक्षा सहा महिने पुढे. त्यात सुगतला सांभाळणाऱ्या तिच्या आईचा, गिरजाबाईंचा, हात मोडला.

दोन वर्षं अर्ज केल्यावर हॉस्पिटलनं पाळणाघर दिलं होतं. वेळ नऊ ते पाच. डॉक्टरांची ड्यूटी आठ ते आठ. त्यामुळे पाळणाघर अगदी स्वच्छ राहायचं.

"मी पोचवतो पोराले," भय्याजी म्हणाले. आम्रपालीचे हे वडील स्टील प्लांटमध्ये चौतीस वर्षं रेल्वेचे रूळ बनवून रिटायर झाले होते, पण एक नियम अंगातून गेला नव्हता: पुढच्या पाळीच्या माणसानं, म्हणजे रिलीव्हरनं, सही केल्याशिवाय जागा सोडायची नाही.

नऊ वाजता त्यांनी पाळणाघर सांभाळणाऱ्या रुक्मासमोर वही धरली. "एक नग, वय दीड वर्ष, चालू हालतमध्ये. कर सही."

"दस्तखत साहब करथे, बाबूजी. मोर पावर नइ हे."

"मंग मी बसतो."

बसले. पाच वाजता रुक्मा कुलूप घेऊन आली. "घर नइ जाना हे का?"

"रिलीव्हर कुठी आला?"

रुक्माची बस सुटत होती. ती किल्ली त्यांच्याच हातात देऊन गेली.

पाळणाघर पाचनंतरही उघडं आहे, ही बातमी वॉर्डावॉर्डांत तापासारखी पसरली. एक सिस्टर जुळी ठेवून गेली. अख्ख्या हॉस्पिटलला झोपवणाऱ्या भूलतज्ज्ञ शिल्पा मॅडमना घरचा गोलू तेवढा झोपवता येत नव्हता, तोही आला. सातपर्यंत वहीत अकरा नावं.

सव्वासातला अधीक्षक डॉ. अरुणकुमार, दिवे का चालू आहेत, ते बघायला आले. "ये सब किसकी परमिशन से?"

"सहीची पावरवाले साहेब तुमीच काय?"

"हां, मैं ही हूँ."

"सकाळपासून वाट पाहून राहिलो तुमची." भय्याजींनी वही पुढे केली. "अकरा नग. दोन ओले. गोलू चावते."

पुढ्यात आलेल्या कागदावर न वाचता सही करायची, ही अरुणकुमारांची वीस वर्षांची सवय. सही झाली. भय्याजींनी किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि हलक्या मनानं स्कूटर मरोद्याला, घराकडे वळवली.

"सुगत कुठी हाय?" दारातच गिरजाबाईंनी विचारलं.

"हँडओव्हर झाला. साहेबाची सही हाय."

"अवो, नातू हाय तो तुमचा, रूळ नाही!" त्यांनी प्लास्टरचा हात उगारला, तशी स्कूटर पुन्हा हॉस्पिटलकडे निघाली.

आठला ड्यूटी संपवून आम्रपाली पाळणाघरात पोचली, तेव्हा स्कूटर अजून वाटेतच होती. अधीक्षक जमिनीवर बसले होते. खांद्यावर सुगत झोपलेला, पाठीवर जुळी, अंगठा गोलूच्या तोंडात.

"आप लोग रोज़ आठ बजे छूटते हो?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"जी सर. दो साल से अर्ज़ी में यही लिखा है."

दुसऱ्या दिवशी नोटीस लागली: पाळणाघराची वेळ आठ ते आठ. खाली वेगळ्या शाईत एक ओळ होती. मुलं ताब्यात घेतल्याची सही यापुढे रुक्माबाई करतील. अधीक्षकांकडे कोणीही वही आणू नये.